तीन घरं उजवीकडे

"अहो, थांबा! पाय... पाय उचला!"

त्यानं उचलला. एकच. आणि बगळ्यासारखा तसाच उभा राहिला, माझ्या खडूच्या चौकटींच्या मधोमध. पाचवीच्या मुलांना आकार सरकवायला शिकवायचं म्हणून मी सकाळपासून शाळेच्या अंगणात ही जाळी आखत होते आणि हा नवा चित्रकलेचा शिक्षक त्यातली निम्मी बुटांनी पुसून मोकळा झाला होता.

"आता हा कुठे ठेवू?" त्यानं अगदी गरीब चेहऱ्यानं विचारलं.

"डोक्यावर!" मी म्हणाले... आणि मग हसू काही आवरेना.

त्यानंतर मधल्या सुट्टीत तो रोज माझ्या वर्गात डोकावू लागला. कधी पट्टी हवी, कधी कंपास. चित्रकलेच्या माणसाला एवढं काय मोजायचं असतं, देव जाणे! तो नाही आला की मला राग यायचा, आला की दुप्पट यायचा. घरी ताई म्हणाली, "तुला तो आवडतो की नाही ते एकदाचं ठरव. माझे कान किटलेत." ठरत असतं तर तिचं डोकं कशाला खाल्लं असतं मी?

आणि आज सकाळी त्यानं मला जिन्यात गाठलं. इथे तो नुसता बदली शिक्षक. दुसऱ्या शहरातली एक शाळा त्याला कायमची नोकरी देत होती. आजच कळवायचं होतं म्हणे.

"काय करू?" त्याची नजर माझ्यावरून हलेना.

"जा की. चांगली संधी आहे."

असं का म्हणाले मी? मला काही म्हणजे काही कळलं नाही. तो "बरं" म्हणाला आणि उरलेला जिना उतरून गेला.

पुढचा तास अंगणात होता. चौघांनी चौकोनाचे कोपरे व्हायचं, बाकीच्यांनी हुकूम सोडायचे. नियम मी चांगला घोटून घेतला होता – सगळे कोपरे एकाच दिशेला, सारखीच घरं सरकले तरच आकार तसाच राहतो. मुलांनी हट्टानं मला एक कोपरा केलं आणि त्यालाही व्हरांड्यातून ओढून आणलं. तो डावीकडे, मी उजवीकडे, आमच्या मागे दोन मुली.

"तीन घरं उजवीकडे!" मॉनिटर ओरडली.

मुली सरकल्या. तो सरकला. मीही सरकले... आणि थेट त्याच्या खांद्यावर आपटले.

"बाई चुकल्या! बाई उलट सरांकडे गेल्या!"

"चौकोनाचा पार त्रिकोण झाला, बाई!"

माझे कान तापले. इतकी वर्षं शिकवतेय मी हे! पण पाय मला न विचारताच निघाले होते.

"परत करायचं का?" तो हळूच म्हणाला. मागे मात्र सरकला नाही.

"नको."

"मग?"

"जाऊ नका..." मी पुटपुटले, मग पुन्हा म्हणाले. जरा जास्तच मोठ्यानं. "जाऊ नका तुम्ही!"

अख्खी पाचवी आमच्याकडे वळली.

"नकार तर मी कालच कळवलाय," तो म्हणाला.

"काल? मग सकाळी विचारलंत कशाला?"

"तुम्ही 'थांबा' म्हणाल असं वाटलं होतं. तुम्ही तर सरळ 'जा' म्हणालात... ती नोकरी नाकारली तुमच्यासाठी, आणि तुम्हीच – सकाळपासून मला काही सुधरत नाहीये हो."

"मलाही," मी म्हणाले, आणि सगळ्या वर्गादेखत त्याचा हात धरला.