जनकाबाईंचा हात

मोताळ्याच्या विशेष शाळेत नागसेन आला तो दिवाळीत वारलेल्या आईचा, म्हणजे तिथल्याच शिक्षिका जनकाबाईंचा, चष्मा न्यायला, आणि दारातच सुवर्णा मॅडमवर आदळला.

"पाहून चाला ना जरा!"

"पाहूनच तं चाललो होतो... म्हणून आदळलो."

फाजीलच आहे बाई हा! सुवर्णाला हसू आलं. पण आत वर्गातली एक पोर, मंजुश्री, फ्रॉकची बटणं लावत होती, आणि ते पाहून सुवर्णाचं हसू विरलं.

मतिमंद लेकरांना शिकवायची जनकाबाईंची एक रीत होती. मागे उभं राहायचं, लेकराच्या हातावर हात ठेवायचा, रोज थोडा हलका करायचा आणि एक दिवस काढून घ्यायचा. मंजुश्रीचा हात सोडायच्या आतच बाई गेल्या. आता पोरीमागे कुणीच नसायचं... तरी तिच्या बोटांवरची कातडी दाबलेली दिसायची. पंखा बंद असला तरी तिच्या मानेवरचे केस कुणाच्या श्वासाने हलायचे.

नागसेन पांढराफटक पडला. "आईच हाय," तो पुटपुटला.

मग काय, धामणगाव बढ्याहून स्वारी रोज हजर!

"मॅडम, तुमाले भेव नाही वाटत?"

"वाटते ना. तुम्ही असले की कमी वाटते."

पण घरी मंजुश्रीला एकही बटण लावता येत नव्हतं. बाईंचा हात सुटल्याशिवाय पोर शिकणार नव्हती, हे सुवर्णाला कळत होतं. आणि आई गेल्यावर नागसेन कशाला येईल? या विचाराने तिचा जीव तुटायचा. मेलं मन, किती हावरट!

"बाईंना आता जाऊ द्यावं लागेल," एक दिवस ती म्हणालीच.

"इचारून राह्यले का सांगून राह्यले?"

"सांगून."

तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. सुवर्णा मंजुश्रीमागच्या त्या गार जागेत शिरली. "बाई, तुमचीच रीत आहे... सोडा आता."

सुवर्णाच्या गालावरून एक ओला तळवा फिरला. मंजुश्रीची बोटं थबकली, चाचपडली... आणि वरचं बटण वाकडंतिकडं, पण तिचं तिनेच लावलं. नागसेन निघून गेला. सुवर्णा मोरीत जाऊन पोटभर रडली.

दुसऱ्या दिवशी दारात त्याची मोटरसायकल!

"आता काऊन आले? आई तर गेली तुमची..."

"हाव, गेली." त्याचे डोळे सुजलेले होते. "पण मॅडम, आईले भेटाले कोणी रोज दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून येते का? तुमी एक दिवस पाह्यलं नाही."

सुवर्णाचे कान तापले.

"उभे राहा मग," ती म्हणाली. "आज पाहते."