शटरखालचा वरवंटा

लातूरला औसा रोडच्या आत एका गल्लीत दयानंदसरांचं घर आहे. सर केमिस्ट्री शिकवतात. 'नीट'ची पोरं त्यांच्या क्लासला कुठून कुठून येतात, आणि सरांचा दिवस सकाळी सहाला फळ्यापाशी सुरू होऊन रात्री नवाला फळ्यापाशीच संपतो. म्हणजे घर सरांचं असलं, तरी ते राखायचं काम त्यांच्या बायकोचं, रुद्राणीचं. आणि रुद्राणीचं म्हणाल तर बाई मुळातच काळजीखोर. गॅस बंद केला का ते तीनदा बघणार, आणि चौथ्यांदा बघायला जिन्यातून परत येणार.

त्या काळजीत भर पडली खालच्या पार्किंगच्या शटरची. सरांनी हौसेनं मोटारीवर चालणारं शटर बसवलं होतं. बटण दाबलं की घरघरत खाली. त्यांची पाच वर्षांची उर्वी एरवी गरीब गाय, पण शटर उतरायला लागलं की तिच्या अंगात वारं शिरायचं. वाकून, लोळून, अगदी शेवटच्या घडीला पलीकडे. एकदा फ्रॉकचं टोक पट्टीखाली अडकलं आणि दोन दिवस रुद्राणीला घास गेला नाही. लेकरू त्या लोखंडाखाली सापडलं तर, हा एकच विचार डोक्यात.

त्याच आठवड्यात तिनं रेवणप्पा मेकॅनिकला बोलावून सेन्सर बसवून घेतले. जमिनीपासून वीतभर उंचीवर, दोन्ही बाजूंना दोन काळे डोळे. मधे काही आलं की शटर थांबतं आणि उलटं वर जातं. बटण मोठ्या माणसाच्या डोक्याइतकं उंच नेलं. रिमोट देवघराच्या फडताळात गेला.

"आन् ही दोरी ब्रेकची," रेवणप्पा म्हणाला. "वडली की मोटर सोडून देती. शटर निस्तं आपल्या वजनानं खाली येतंय. लेकराला हिच्याजवळ येऊ देऊ नका, वहिनी."

दोरीसुद्धा वर बांधली. झालं, आता घोर मिटला असं कुणालाही वाटलं असतं. पण घरात आप्पा होते.

आप्पा म्हणजे सरांचे वडील, श्रीमंतराव. त्र्याण्णवच्या भूकंपात तेरणेकाठचं त्यांचं गाव एका पहाटेत मातीला मिळालं. बायको गेली, सात वर्षांची पुनम गेली. वाचला तो दोन वर्षांचा दया, तोच आताचा दयानंदसर. तेव्हापासून आप्पांनी कुठलंच दार पुरतं लावू दिलं नाही. तसं हे त्यांचं एकट्याचं नव्हतं. त्या पट्ट्यातली कितीतरी माणसं पुढं बरीच वर्षं कडी न लावता झोपायची. पण आप्पांची आपली एक रीत होती. ढिगाऱ्यातून निघालेला घरचा वरवंटा त्यांनी जपला होता. दिवेलागणीला ते तो दाराखाली आडवा ठेवायचे. भाड्याच्या खोलीत ठेवला, सरकारी कॉलनीत ठेवला, आणि नव्या घरात शटरखालीही ठेवला. शटर यायचं, वरवंट्यावर टेकायचं, आणि खाली चार बोटं फट राहायची.

"दार भुईला टेकू द्यायचं न्हाई," एवढंच म्हणायचे. कारण विचारलं की उठून जायचे.

त्या फटीतून उंदीर आले. उंदरांच्या मागं धामण आली आणि उर्वीच्या सायकलखाली वेटोळं घालून बसली. धामण विषारी नसते हे सर्पमित्रानं दहादा सांगितलं, पण आईला ते काय पटणार. सप्टेंबर सरत आला होता. आप्पा दोन दिवस जळकोटला भाच्याकडे गेले, आणि रुद्राणीनं तो वरवंटा उचलून गच्चीवर टाकीमागे नेऊन ठेवला. शटर एकदाचं नीट लागू दे, एवढंच तिच्या मनात होतं.

शटर लागेना. वीतभर राहिलं की थांबायचं आणि उलटं वर जायचं. रेवणप्पा भर दुपारी आला. डोळे पुसले, समोरासमोर केले, वायर तपासली. हिरवा दिवा पेटला. शटर खाली आलं, वीतभर राहिलं, दिवा लाल झाला. पाच वेळा केलं आणि पाचही वेळा तेच.

"मधी कायतरी येतंय, वहिनी."

"काय येतंय?"

"दिसत न्हाई." तो उकिडवा बसून जमिनीकडे बघत राहिला. "पर येतंय."

रुद्राणीनं क्लासला फोन लावला. सर दोन बॅचच्या मधे होते. म्हणाले, "सेन्सर खराब असेल. नवीन येईपर्यंत वायरी जोडून टाकायला सांग, लागेल मग." रेवणप्पाला ते आवडलं नाही. वायरी जोडल्या म्हणजे डोळा आंधळा, मधे लेकरू आलं तरी शटर थांबणार नाही, हे त्यानं तोंडावर सांगितलं. रुद्राणीला एका बाजूला धामण दिसत होती आणि दुसऱ्या बाजूला लेक. मी स्वतः उभी राहून बंद करीन, उर्वीला खाली येऊच देणार नाही, असं म्हणून तिनं वायरी जोडायला लावल्या. लेकराच्या जिवासाठी बसवलेली वस्तू लेकराच्या काळजीनंच बंद केली.

दिवेलागणीला उर्वीला टीव्हीपुढं बसवून, दाराला बाहेरून कडी घालून ती खाली गेली. बटण दाबलं. शटर घरघरत निघालं. अर्ध्यावर आलं, गुडघ्याइतकं राहिलं... आणि लाईट गेली.

मोटार थांबली. पार्किंगमध्ये अंधार झाला. शटरखालच्या फटीतून संध्याकाळचा उजेड एका पट्टीसारखा आत येत होता. मग वास आला. सारवलेल्या जमिनीचा, जुन्या मातीच्या भिंतीचा, भिजलेल्या ज्वारीचा. फरशीच्या त्या घरात यातलं काहीच नव्हतं.

"आई... लवकर ये ना."

आवाज उर्वीचा होता, आणि तो वरून येत नव्हता. शटरपाशी, उजेडाच्या पट्टीत, उर्वी बसली होती. दोन्ही हात डोक्यावर, तळवे शटरच्या पट्टीला खालून लावलेले. त्या हातांशेजारी आणखी काही होतं की नव्हतं, ते रुद्राणीनं पाहिलं नाही. पाहायचंच नाही असं तिनं ठरवलं.

"उर्वी, सरक तिथून."

"हिचे हात लई दुखायलेत, आई. म्हणती, मी कधीपासून धरलंय. आता तू धर..."

तेवढ्यात लाईट आली. बटण कुणी दाबलं नव्हतं, तरी मोटार आपसूक कण्हायला लागली. शटर मात्र तसूभर हललं नाही. रुद्राणी धावली, लेकीला काखेत धरून ओढलं आणि जिन्याच्या पायरीवर जाऊन पडली. मागं शटर सावकाश उतरलं, वीतभर राहिलं आणि थांबलं. मोटार जळका वास सोडून बंद पडली. वरच्या दाराची कडी बाहेरून होती तशीच होती. त्यातून पोर बाहेर आलं कसं, हे रुद्राणीनं तेव्हाही कुणाला विचारलं नाही.

तासाभरानं आप्पा एसटीनं आले. वीतभर फटीखाली वरवंटा नाही हे त्यांनी गल्लीतूनच पाहिलं. बाजूच्या दारानं आत येऊन ते पायरीवर बसले, पिशवी हातातच राहिली. रुद्राणीनं सगळं सांगितलं. उर्वीला तिनं वर सोफ्यावर बसवून शेजारच्या मालविकाकाकूंना जवळ ठेवलं होतं.

"हात दुखायलेत म्हणली?" आप्पांनी विचारलं.

"हो."

आप्पांनी पिशवी खाली ठेवली. "गणपती बुडवून सगळे दमून झोपले होते. मी अंगणात होतो. घर बसलं... दार आडवं झालं, वर माळवदाची सगळी माती. खाली एवढीशी फट. पुनमनं आतून दोन्ही हातानं दार उचलून धरलं. म्हणली, आप्पा, मी धरलंय, तुम्ही दयाला वडा. मी वडलं."

"मग?"

"म्हणली, आप्पा, मी सोडू का आता? मी म्हणलो, थांब. दयाला लिंबाखाली ठेवून येतो, मग तुला काढतो..." त्यांनी शटरखालच्या फटीकडे बोट केलं. "आलो तर फट न्हवती. तिला सोड म्हणायचं राहूनच गेलं माझं."

रुद्राणी गच्चीवर गेली आणि वरवंटा घेऊन आली. आप्पांनी तो पोटाशी धरला, मग वाकून शटरखाली आडवा सरकवला. आता शटर त्यावर टेकलं की झालं, पुनमला सुटका. रुद्राणीनं ब्रेकची दोरी सोडवून ओढली. शटर खडखडत खाली आलं, आणि वरवंट्याच्या दोन बोटं वर थांबलं. मोटारीनं ते धरलेलं नव्हतं, दगडावरही ते टेकलेलं नव्हतं. आप्पांनी दोन्ही हातांनी पट्टी खाली दाबली, अंगाचा सगळा भार टाकला. दोन बोटं ती दोन बोटंच राहिली.

तेव्हा जिन्याच्या वरच्या टोकावरून आवाज आला. उर्वी उभी होती. हात डोक्यावर, तळवे आभाळाकडे, कोपरं थरथरणारी.

"मी सोडू का आता?"

ती रुद्राणीकडे पाहत नव्हती, आप्पांकडे पाहत होती. पंचवीस वर्षं आप्पांनी या एका प्रश्नाचं उत्तर मनात घोकलं असेल. पण वर लेकरू, खाली अधांतरी लोखंड, आणि ते सुटलं तर काय काय सुटेल कुणाला ठाऊक... भ्यालेल्या माणसाच्या तोंडून जुनाच शब्द निघाला.

"थांब," आप्पा म्हणाले.

आप्पा त्याच पौषात गेले. शटर अजून वरवंट्याच्या दोन बोटं वर आहे, आणि सर गाडी बाहेर लावतात. उर्वी आता सातवीत आहे. हुशार आहे, पाढे-कविता सगळं तोंडपाठ. फक्त दिवेलागणीनंतर तिचे हात मोकळे नसतात, जेवायला बसली की रुद्राणीला तिला भरवावं लागतं.