अन्वेषक क्रमांक सात

"सदर गावातील पारंपरिक फड सिंचन व्यवस्था पूर्णतः बंद पडलेली असून पाणीवाटपाचे कोणतेही सामूहिक नियोजन ग्रामस्थांत आढळून येत नाही."

धुळे जिल्ह्यातील बावन्न गावांच्या पाहणी अहवालात, पान एकोणचाळीसवर, हे वाक्य छापलेले आहे. त्यातली एकच गोष्ट खरी: सदर गाव आहे. पांझरेच्या काठी आहे आणि तिथे एस.टी.ही जाते. व्यवस्था बंद पडली म्हणणाऱ्याने ती कधी पडली हे सांगितलेले नाही. ग्रामस्थांत नियोजन आढळले नाही म्हणणाऱ्याने कोणत्या ग्रामस्थाला विचारले, हेही नाही. पान अडतीसच्या नकाशात जो पाट निळ्या रेषेने वाहतो, तो समोरच्याच पानावर मरतो. लेखकाचे नाव नाही. "क्षेत्रीय अन्वेषक क्र. ७" एवढेच.

मी जळगावची, संशोधन करणारी मुलगी. पर्यावरण संवर्धन आणि लोकसहभागी नियोजनाच्या एका उन्हाळी अभ्यासवृत्तीसाठी मी याच फडावर प्रस्ताव लिहिला होता. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखाली जमिनीचे फड; कोणत्या फडात कोणते पीक आणि पाण्याची पाळी कोणाची, हे गाव मिळून ठरवते. या पाळ्यांत त्या गावातल्या आमच्या बौद्धवस्तीची जमीन किती आणि तिला पाणी कितव्या क्रमांकाला मिळते, हा माझा प्रश्न. सार्वजनिक पाण्याच्या बाबतीत आमच्या घरी थट्टा चालत नाही. पण व्यवस्थाच मेली म्हटल्यावर जाब विचारायचा कोणाला? निवड समितीने सौजन्याने कळवले होते: अहवालाचे अधिकृत खंडन शुक्रवारी पाचपर्यंत जोडा, अन्यथा अर्ज अपात्र.

सोमवारी सकाळच्या धुळे गाडीत मी पान एकोणचाळीसवर लाल पेन्सिल चालवत बसले होते. पारोळ्याला शेजारी एक तरुण येऊन बसला. निळा सदरा, खांद्याला पिशवी, आणि डोळे… त्या डोळ्यांविषयी नंतर.

"एवढं लाल केलंत की पेपर तपासताय असं वाटेल," तो म्हणाला.

"तपासतेच आहे. नापास आहे."

"ग्रेस मार्क?"

"ज्यानं पेपर घरी बसून लिहिला, त्याला?"

तो हसायला गेला आणि — थांबला. खिडकीतून कडुलिंबाच्या मोहोराचा कडवट-गोड वास आत आला. माझे कागद उडाले, तेव्हा त्याने ते तळहाताने दाबून धरले; माझ्या बोटांना मात्र त्याने काळजीपूर्वक टाळले. त्या टाळण्याची नोंद मी घेतली, हे मला मान्य केले पाहिजे.

मी धुळे येईपर्यंत अहवालाची चिरफाड केली, शुक्रवारची मुदतही सांगितली. त्याने सगळे ऐकून घेतले. नाव राकेश, धुळ्यातच कंत्राटी नोकरी, नकाशे काढतो, एवढे कळले. स्टँडवर उतरल्यावर त्याने विचारले, "मी आलो तर चालेल? मला… बघायचाय तो पाट."

"मेलेला पाट बघायला कशाला येता?"

"तुम्ही बघणार आहात ना. म्हणून."

गावची एस.टी. धरून आम्ही फडावर पोहोचलो, तिथे पाटकरी पुना आबा भेटले. पाळ्या लावणारा, दांडगा, सत्तरीतला माणूस, हातात फावडे. मी अहवालातले वाक्य वाचून दाखवले.

"बंद पडना?" आबा फावड्यावर रेलून हसले. "कागदवर मरेल व्हई. पाटमा पानी शे, देख."

त्यांनी मातीचा बांध फोडला. आधी ओलसर कुजबुज, मग चांदीसारखे धावणारे पाणी. राकेशने घाईने बूट काढले आणि ते दोन्ही हातांत धरून तो पाटात उभा राहिला, सणाला नवे कपडे घातलेल्या मुलासारखा. मी हसले. ऊन डोक्यावर होते, पाणी घोट्याला थंड लागत होते आणि माझा सगळा संताप क्षणभर कुठे गेला, ते सांगता येत नाही.

"हाई तुन्ही बायको शे का रे?" आबांनी त्याला विचारले.

"नाही आबा…" तो कानापर्यंत लाल झाला. "अर्जाचा विचार चालू आहे."

"पात्रतेच्या अटी वाचल्यात?" मी म्हणाले.

"जाहिरात निघू द्या. पाठ करीन."

दुपारभर आम्ही बंधाऱ्यापासून शेवटच्या फडापर्यंत चाललो. तो झरझर नकाशा काढत होता. प्रत्येक वळणावर आबांना नाव विचारत होता, शेवटच्या पाळीच्या बौद्धवस्तीच्या पट्ट्यांपाशी स्वतःहून थांबून लांबी मोजत होता. माणूस आपले काम एवढे मन लावून करताना पाहणे ही मोठी धोक्याची गोष्ट आहे. मी सावध नव्हते.

चिंचेखाली बसल्यावर मी आबांना विचारले, "पाहणीला कोण आलं होतं?"

"आठे? कोनीच उनं नही, माय." इथे कोणीच आले नव्हते.

"तो क्रमांक सात," मी राकेशकडे वळून म्हणाले, "एकदा समोर उभा राहायला हवा. मला फक्त त्याचा चेहरा पाहायचाय."

तो उठला. चिंचेची सावली त्याच्या सदऱ्यावर हलत होती.

"पाहा," तो म्हणाला.

मला समजायला वेळ लागला. क्रमांक सात माझ्यासमोरच उभा होता.

"बसमध्येच सांगायचं होतं… पण तुम्ही एवढ्या—"

"एवढ्या काय?"

"एवढ्या खऱ्या बोलत होता."

"तुमच्या एका वाक्यानं माझा उन्हाळा गेला, याचं काही नाही," मी म्हणाले. "त्या शेवटच्या पट्ट्यांची प्रश्न विचारायची जागा गेली. आणि तुम्ही बूट हातात घेऊन पाण्यात खेळलात."

त्याने मनधरणी केली नाही. एवढेच विचारले, "शुक्रवारी पाच?" मी एस.टी.च्या थांब्याकडे चालू लागले.

तीन दिवस मी खंडनासाठी फोन करत राहिले. ते देणारी खुर्ची रजेवर होती. खुर्च्या रजेवर जातात, हे मला नव्याने कळले. शुक्रवारी अकरा वाजता राकेश जळगावात, माझ्या विद्यापीठातल्या विभागाच्या पायऱ्यांवर उभा होता. डोळ्यांखाली काळे, हातात लिफाफा. आत त्याचा लेखी जबाब, एका प्रतीवर त्याच्या कार्यालयाचा पोच-शिक्का.

"नोकरी?" मी वाचून विचारले.

"जूनमध्ये नूतनीकरण होणार नाही असं साहेब म्हणाले. तोंडी."

"आणि हे पाचवं कलम? समिती वाचेल."

"खोडतो. तुम्हाला अडचण—"

"राकेश," मी म्हणाले. पहिल्यांदाच नाव घेतले. माझाच आवाज मला अनोळखी वाटला. "खोडलंस तर मी अहवालासारखी तुझीही चिरफाड करीन."

तो पाहत राहिला. डोळ्यांविषयी नंतर सांगेन म्हणाले होते. ते भरलेले होते. जबाबाला साक्षीदाराची सही लागते, ती मी त्याच्याच पेनाने केली. सही झाल्यावर त्याने पेन परत मागितले नाही, माझा हात तेवढा धरला… आणि या वेळी बोटे टाळली नाहीत.

चार वाजून दहा मिनिटांनी अर्ज गेला. मे महिन्यात अभ्यासवृत्ती मिळाली; समितीने निवडपत्रात कलम पाचचा उल्लेख टाळला, ही तिची सभ्यता. तो जबाब शब्दशः असा:

"१. मी, क्षेत्रीय अन्वेषक क्र. ७, सदर गावी पाहणीसाठी गेलो नव्हतो. सोनगीरच्या एका हॉटेलात बसून मी एका दिवसात अकरा गावांचे तक्ते भरले. २. तक्त्यात 'नोंदणीकृत समितीचा क्रमांक' हा रकाना होता. फडाला असा क्रमांक नसतो; रकाना रिकामा ठेवला की तक्ता पुढे सरकत नव्हता. म्हणून मी 'बंद' लिहिले. ३. मला कोणी तसे लिहायला सांगितले नव्हते. ४. फड चालू आहे. शेवटच्या पट्ट्यांना पाणी सर्वांत उशिरा पोहोचते, हे मी सोमवारी स्वतः पाहिले. ते वर्षापूर्वीच पाहणे माझे काम होते. ५. अर्जदार प्रज्ञा यांच्यावर माझे प्रेम आहे. हे त्यांना मी अद्याप सांगितलेले नाही. यामुळे माझा जबाब पक्षपाती वाटू शकतो, म्हणून ही बाब लपवत नाही. कृपया माझ्या शब्दावर विसंबू नये, गावी जाऊन पाहावे."