तांब्याचा डाग

दुपारी बोर्तोलोकाका येणार होते, म्हणून मी संग्रहालयाच्या खिडकीला आडवा दोरा ताणून ठेवला. इटलीतल्या आमच्या गार्दोने गावात बंदुकीची नळी अशीच पारखत. नळी खिडकीकडे रोखायची आणि एक डोळा मिटायचा. आत दोऱ्याची सावली सरळ पडली तर नळी सरळ, मोडली तर वाकडी. वाकडी निघाली की कोळशाची फुली, मग तांब्याच्या हातोडीचा हलका ठोका, आणि पुन्हा डोळा.

माझ्या बाबांनी तीस वर्षं हेच केलं. एकदा त्यांनी एका नळीवर फुली मारली आणि कारखान्याचा मालक म्हणाला, सरळ आहे. सोबत काम करणाऱ्या बोर्तोलोकाकांनीही मालकाच्या बोलण्यावर मान डोलावली. बाबांची नजर गेली, असं गावभर झालं. उरलेलं आयुष्य त्यांनी त्याच कारखान्यात लोखंडाचा कीस झाडला.

आता मालकाच्या नातवानं ती नळी संग्रहालयाला दिली होती, फुलीसकट. संग्रहालयात बाबांच्या हातोडीखाली लावायच्या पाटीवर 'नजर अधू झाली' असं लिहायचं की नाही, हे तिच्यावरच ठरणार होतं.

काकांनी नळी उचलून बराच वेळ पाहिली.

"वाकडी आहे, फाउस्टा," ते हळूच म्हणाले. "तेव्हाही दिसत होती मला. पण पोरं लहान होती गं माझी..."

राग यायला हवा होता, पण मला रडूच आलं. आधी जेवू, मग तसं लिहून सही देतो, असं ते म्हणाले. मी दाराला कुलूप घातलं आणि आम्ही समोरच्या खानावळीत मक्याच्या पिठाचा पोलेंटा खाऊन आलो.

परतल्यावर काकांनी सवयीनं नळीला पुन्हा डोळा लावला आणि तसेच उभे राहिले.

"तू बघ..."

मी पाहिलं. सावली भांगासारखी सरळ होती. बाहेरची फुली पुसली गेली होती, आणि तिच्या जागी तांब्याचा ताजा, लालसर डाग होता. बाबांची हातोडी काचेच्या कपाटात होती आणि किल्ली माझ्या खिशात.

"बाबा, हीच एक साक्ष होती हो तुमची," मी पुटपुटले. समोर वाकडी नळी असली की त्यांना चैन पडत नसे. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. इथे तीही म्हण खोटी ठरली.

काका बाकावर बसले. नळी वाकडी होती, हे त्यांनी तरीही लिहिलं आणि सही केली. मग मान वर न करता विचारलं, "भिंतीवर मी पास केलेल्या नळ्या किती आहेत?"

सतरा. सकाळीच मी त्या पुसून लख्ख केल्या होत्या.

मी भिंतीकडे वळले. डावीकडून अकरा नळ्यांवर फुल्या होत्या, आणि अकरावीचा कोळसा अजून खाली भुरभुरत होता.