ड्रॉवरमधले कार्बन

इंद्रजितचं गॅरेज बारामती-इंदापूर रस्त्याला लागून होतं. त्या दुपारी समोरच्या टपरीवर चहा प्यायला एक जुनी पांढरी गाडी थांबली आणि मग सुरूच होईना. आतली मुलगी किल्ली फिरवायची, बॉनेटखालून नुसतं ‘टक’ यायचं, की पुन्हा सगळं गप्प. पाचव्या खेपेला इंद्रजित हात पुसत उठला.

“बॅटरी उतरली वाटतं,” ती म्हणाली.

“हेडलाइट लावा बघू... आता फिरवा किल्ली.” दिवा तसूभरही मंद झाला नाही. “बॅटरी ठणठणीत हाय. सेल्फच उचलंना झालाय.”

त्याने वायरी हलवून पाहिल्या, त्या घट्ट होत्या. मग गाडीखाली सरकून त्याने गाडी सुरू करणाऱ्या सेल्फच्या मोटरीवर पान्याने हलकेच दोन टोले दिले. “मारा आता!” गाडी झडझडून सुरू झाली. तो बाहेर आला तेव्हा ती त्याच्या नाकावरचं ग्रीस बघून हसत होती.

“म्हशीला सुई टोचायच्या आधी आम्हीपण अशीच थाप मारतो,” ती म्हणाली. “मी स्वरूपा, निरवांगीची. जनावरांची डॉक्टर.”

“मग तुमाला लगेच कळंल. आतले कार्बनचे ठोकळे झिजल्यात. थापटलं की तेवढ्यापुरते टेकत्यात, करंट देत्यात.”

“मग बदला की.”

त्याच मापाचे कार्बन ड्रॉवरमध्ये पडले होते. तासाभराचं काम! पण तिच्या गालावर हसताना खळी पडत होती आणि गड्याची जीभ घसरली. “पुण्यावरनं मागवाय लागत्याल. तवर अधनंमधनं दाखवून जावा.” वाटेत अडली तर असावा म्हणून त्याने आपला पानाही तिला दिला, कुठं मारायचं ते दाखवलं. तेवढ्यावर त्याने स्वतःच्या मनाची समजूत घातली.

मग ती येतच राहिली. कधी मंगळवारी, कधी शनिवारी... आणि तिच्यासाठी गॅरेजात एक निळा कप आला.

“आलं का सामान?”

“वाटंत हाय.”

“पुण्याहून चालत येतंय का ते?”

“येऊ द्या की दमानं. तुमाला घाई हाय व्हय?”

ती कपात बघत राहिली. “नाही... तशी मला काही घाई नाही.”

खरं ते उद्या सांगू, असं तो रोज ठरवायचा. पण ती आली, की त्याचा धीरच सुटायचा.

एका सोमवारी स्वरूपाला कन्हेरीच्या चंद्राबाईंचा फोन आला. त्यांची गाय अडली होती, वासरू आडवं आलं होतं. ती तेव्हा निरवांगीत एका गोठ्यावर होती. तिने किल्ली फिरवली — टक. तिने पाना घेतला, दहादा ठोकलं, हात सोलून घेतले. शेवटी दुधाच्या टेम्पोत बसून ती दीड तास उशिरा पोचली.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरने ओढत आणलेली गाडी गॅरेजसमोर उभी राहिली. तिचे डोळे सुजले होते.

“वासरू वाचलं,” ती म्हणाली. “गाय गेली. चंद्राबाई मला एका शब्दानं बोलल्या नाहीत हो... उलट मलाच चहा करून दिला. सामान आलं का, इंद्रजित?”

‘आजच आलं’ हे शब्द त्याच्या ओठांपर्यंत आले होते. त्याने ते गिळले, ड्रॉवर उघडला आणि धुळीने माखलेली डबी तिच्यासमोर ठेवली.

“कधीपासून आहे ही?”

“तुमी पयल्यांदा आला, तवापासनं... तुमी परत यावं म्हून बोललो न्हाय. लई आवडता तुमी मला, डॉक्टर. पण लई वाईट केलं मी.”

तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं, आणि तसंच विझलं.

“बसवा,” ती एवढंच म्हणाली.

त्याने सेल्फ उतरवला, कार्बन बदलले, पुन्हा चढवला. तासाभरात काम उरकलं. गाडी पहिल्याच किल्लीत सुरू झाली. तिने त्याचा पाना टेबलावर ठेवला.

“माझ्या फेरीत हा रस्ता नव्हताच,” ती म्हणाली. “दर खेपेला वाट वाकडी करून येत होते मी. गाडी धड असती ना... तरी आले असते.”

“आन आता?”

“आता इथं आले की मला ती गाय दिसेल.”

दोन महिन्यांनी निरवांगीचे एक तात्या पिकअप घेऊन आले. इंद्रजितने त्यांना चहा दिला. निळा कप मात्र फळीवरच राहू दिला. न राहवून त्याने विचारलं, “तात्या, डॉक्टरीणबाईंची गाडी कशी हाय?”

“झ्याक हाय की! एका किल्लीत सुरू हुतीया. का रं?”

“काय न्हाय,” इंद्रजित म्हणाला आणि पिकअपचं बॉनेट उघडून खाली वाकला. काम चोख झालं होतं. आता तिची गाडी बंद पडणार नव्हती.