कोरे हात

परदेशातून मूल दत्तक घ्यायचं तर आईबापाला बोटांचे ठसे द्यावेच लागत. पूर्वी त्या ठशांवरून फक्त गुन्हेगार सापडायचे. आता हातांनी आजवर काय केलं तेही कळत होतं. भीती वाटली की माणसाच्या घामात एक रसायन उतरतं आणि त्याला जो हात लावेल त्याच्या बोटांच्या रेषांत ते मुरतं. ते वाचणाऱ्या तपासणीला ‘स्पर्शलेख’ म्हणत. परदेशी सरकारांना ती फारच आवडली, कारण तिच्यामुळे माणसांशी बोलावं लागत नसे.

सांगलीच्या केंद्रात डॉ. हुमेरा मुजावर यांनी रेवती जंगमचा स्पर्शलेख दोनदा पाहिला.

“तुमच्या बोटांवर लहान मुलांची भीती आहे. एकदोन नव्हे, शेकडो मुलांची.”

रेवतीला हसू आलं. “असणारच की ओ. बाळांना न्हाऊ घालायचं कामच माझं. पायावर पालथं घेऊन तेल चोळलं की कुठलं लेकरू गप बसतंय? पण नंतर धुरी देऊन गुंडाळलं की कसं गाढ झोपतंय!”

“झोपेचं काही मुरत नाही, रेवतीताई. फक्त भीतीचं मुरतं.”

“मग तुम्ही सांगा की तिकडच्या सरकारला.”

“सांगेन. पण ते ठसाच बघतात.”

डॉक्टरांना मनापासून वाईट वाटलं. त्याही लहानपणी अशाच कुणाच्या पायांवर रडल्या असणार. उपाय एकच होता. वर्षभर कुणालाही हात लावला नाही, तर बोटांच्या रेषा पुन्हा कोऱ्या होतात.

रेवतीने काम सोडलं. नवरा तापाने फणफणला, तेव्हा तिने पेजेची वाटी दारातून आत सरकवली. बहिणीला बाळ झालं, तेही लांबूनच पाहिलं. तिकडे परदेशातल्या अनाथालयात, तिने दत्तक मागितलेली चार वर्षांची मिलेना व्हिडिओवर ‘आई’ म्हणायला शिकत होती.

वर्षाने ठसा कोरा आला. ‘उत्तम पालक’ असा शेरा मिळाला आणि मिलेना घरी आली. मात्र ती मोठी होईपर्यंत अधूनमधून स्पर्शलेख द्यायचा होता. त्यात भीती दिसली, तर मूल परत.

त्याच आठवड्यात मिलेना पायरीवरून पडली. गुडघा फुटला. घाबरून, दोन्ही हात वर करून ती ओरडली, “आई!”

रेवती धावली आणि हातभर अंतरावर थांबली. तिने हात पाठीमागे घट्ट धरले.

“आधी रडायचं थांब, बाळा. मग घेते.”

मिलेनाला मराठीतला एकच शब्द येत होता. हात वर करून ती तोच म्हणत राहिली.