पाचव्या आणि सहाव्याच्या मधे

घोडा अडथळ्यापासून किती पावलांवर झेप घेणार, हे मला शंभर यार्डांवरून कळतं.

कळतं म्हणजे कळतंच. तीन, दोन, एक, वर! बारा वर्षं मी हेच करतोय. आयर्लंडच्या अख्ख्या टिपररी परगण्यात माझ्यासारखी नजर कोणाची नाही, हे मी कुठेही सही करून देईन.

त्या दिवशीही मला कळलं होतं. अगदी बरोबर कळलं होतं. तीन... दोन... एक...

फक्त तिथे अडथळा नव्हता.

यातलं एक अक्षर मी पदरचं घातलेलं नाही. त्या दिवसाच्या निकालाच्या कागदावर माझ्या नावापुढे छापलंय: 'मॅलकी क्रेहन. पडला. पाचव्या आणि सहाव्याच्या मधे.' तो कागद मी जपून ठेवलाय. कशाला ठेवलाय, मला विचारू नका.

रात्र नव्हती. वटवाघळं नव्हती. सव्वीस डिसेंबर, सेंट स्टीफनचा दिवस, दुपारचे सव्वादोन. किलब्रॅकनचं रेसकोर्स, तिसरी रेस. समोर चार हजार माणसं, त्यातली निम्मी प्यायलेली.

मी नूला हॅनरहनच्या तबेल्यात कामाला. पहाटे लीद काढायची, खरारा करायचा, घोडे फिरवायचे. आणि जॉकी मिळाला नाही की रेसमधे मीच बसायचं.

त्या दिवशी बसलो होतो बिस्किटवर.

कागदोपत्री तिचं नाव लांबलचक होतं. तबेल्यात ती बिस्किट. कोळशासारखी काळी घोडी. तिची आई बाळंतपणात गेली, तेव्हा दर दोन तासांनी बाटलीने दूध मी पाजलं होतं. चालणं तिला माहीतच नव्हतं. दारातून बाहेर पडली की उधळायची.

तिचे मालक मिस्टर किनान. गावात अंत्यविधीची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे. रेसलाही तोच काळा कोट घालून यायचे. त्या दिवशी मी खोगीर कसत होतो, तर हे टेप काढून बिस्किटची छाती मोजायला लागले.

"रेसला टेप घेऊन आलात?" मी विचारलं.

"नेहमीच असतो खिशात," किनान म्हणाले. त्यांनी मलाही एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. "माझा बग्गीचा घोडा मेला, क्रेहन. लोकांना अजून घोड्याची शवगाडीच आवडते, आणि तिला काळंच जनावर लागतं. दोन रेस देतो. नाही जिंकली, तर हिला मी घेऊन जाणार."

"ती हळू चालत नाही हो, मिस्टर किनान. तिला येतच नाही."

"शिकेल. माझ्याकडे येणारे सगळेच शांत होतात."

डोक्यावर काळी पिसं लावून, खाली मान घालून, चर्चपासून कबरस्तानापर्यंत... माझी बिस्किट! जन्मभर!

नूलाने मला वर बसवलं. "मॅलकी, तिला पळू दे. तू फक्त मधेमधे करू नकोस," ती म्हणाली.

"बॉस, डोळे मिटून जिंकून देतो."

खरंच, असंच म्हणालो होतो.

सुटलो. पहिला अडथळा, दुसरा, तिसरा... बिस्किट हवेत पोहत होती. चौथ्याला आम्ही सगळ्यांच्या पुढे. पाचवा ओलांडला तेव्हा मागचा घोडा वीस घोड्यांच्या लांबीइतका मागे होता.

पाचवा आणि सहावा यांच्यात मोठं अंतर आहे. सपाट गवत. आतल्या बाजूला पांढरा कठडा. बाकी काही नाही.

तिथे मला टापा ऐकू आल्या...

एकच घोडा. माझ्या अगदी मागे. आतल्या बाजूने.

मग आवाज आला. दमलेला, पण नम्र.

"आतून येतोय, भावा... जागा दे."

आता आमच्यात अशी रीत आहे. रेसमधे कोणी अशी हाक दिली की माणूस विचार करत नाही, हात आपोआप हलतो. मी बिस्किटला दोन हात बाहेर घेतलं.

आणि आत बघितलं.

कोणी नव्हतं.

कठडा, गवत... आणि टापा. माझ्या गुडघ्याशेजारी.

बिस्किटचे कान ताठ झाले. ती पावलं मोजायला लागली. मला लगामातून कळत होतं, ती मोजतेय.

"बये, काही नाहीये तिथे," मी म्हणालो.

तीन...

दोन...

एक...

तिने झेप घेतली. साडेचार फूट वर. मोकळ्या गवतावर.

आणि तिच्या पोटाखालून आवाज आला... खस्स्.

काटक्यांचा. घोडा अडथळ्याला घासून गेला की येतो ना, अगदी तसा.

ती उतरली. मी तिच्यासोबत उतरलो नाही. मी आधी वर गेलो आणि मग कठड्यापाशी तोंडावर आलो. तोंडात इतकं गवत गेलं की बिस्किटला रात्री पुरलं असतं.

लाउडस्पीकरवरचा माणूस म्हणाला, "क्रेहन पडलाय. कशावरून, ते मला विचारू नका."

कपडे बदलायच्या खोलीत माझं जंगी स्वागत झालं.

"मॅलकी, गांडूळ केवढं होतं रे?"

"अरे, त्याला छळू नका. हवेला अडखळून पडलेला जगातला पहिला माणूस आहे तो!"

मीही हसलो. काय करणार?

मग बिस्किटचं खोगीर काढायला गेलो. पोटाखालचा पट्टा, तंग, सोडला. तंग आणि पोट यांच्यामधून काहीतरी खाली पडलं...

बोटभर लांब काटकी. बर्चची. ताजी तुटलेली.

किलब्रॅकनच्या सगळ्या अडथळ्यांना आठ वर्षांपासून हिरव्या प्लॅस्टिकच्या काड्या आहेत. बर्चचं झाड तिथे औषधालाही नाही.

मी काटकी खिशात टाकली. कोणाला बोललो नाही. आवाजाचं तर नावच काढलं नाही. आधीच गांडुळाने वैताग आणला होता.

दुसरी रेस फेब्रुवारीत. त्याच कोर्सवर. तिची शेवटची.

रेसच्या सकाळी मी कोर्स पायी बघायला निघालो. पाचव्याच्या पुढे आलो आणि थबकलो.

एक माणूस ओणवा होऊन गवताला रंग देत होता.

तो पॅकी ड्वान होता. सत्तरीचा म्हातारा. चाळीस वर्षं त्याने हे कोर्स सांभाळलं होतं, अडथळे स्वतःच्या हाताने बांधले होते. हातात नारिंगी रंगाचा डबा. कठड्यापासून पार बाहेरपर्यंत गवतावर सरळ नारिंगी पट्टा.

मला एवढं हसू फुटलं! हे घ्या भूत! प्रत्येक अडथळ्याच्या पायथ्याशी नारिंगी फळी असते. ती बघूनच घोडा झेप ठरवतो. या येड्याने गवतावर फळी रंगवली, आणि माझ्या घोडीला वाटलं अडथळा आला!

"पॅकी, म्हाताऱ्या, तुझ्या या चित्रकलेपायी माझे दोन दात गेले!"

पॅकीने मान वर केली नाही. "हे आज रंगवतोय, पोरा. तू पडलास तेव्हा इथे नुसतं गवत होतं."

माझं हसू तिथेच संपलं.

"मग आज का?"

"तुझी घोडी इथे उडाली म्हणून. म्हटलं, अडथळा अजून इथे असेल, तर निदान फळी तरी दिसायला हवी."

तो कुंचला डब्यात बुडवून बसला. मग सांगायला लागला.

तिथे अडथळा होता. चौदा वर्षांपूर्वी. बर्चचा. सेंट स्टीफनच्या दिवशी टेडी लॅफन नावाचा जॉकी तिथे पडून मेला. नंतर अडथळा काढला, जमीन सपाट केली, गवत पेरलं.

"फळीचा रंग पावसाने गेला होता," पॅकी म्हणाला. "दोन रेसच्या मधे मी रंगवणार होतो. पण थंडी फार होती. स्वयंपाकघरात सूप गरम होतं. एक वाडगा प्यायलो... मग दुसरा घेतला."

त्याने कुंचला एकदा गवतावरून ओढला.

"टेडीच्या घोड्याला फळी दिसलीच नाही. एक पाऊल आधी उडाला. त्या दुसऱ्या वाडग्याचं मी कोणाला सांगितलं नाही, मॅलकी. चौदा वर्षं सूप तोंडाला लावलेलं नाही."

मग तो स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला, "गुणी होता टेडी. नेहमी कठड्याला धरून यायचा. पण कधी घुसला नाही. आधी जागा मागायचा..."

मी आवाजाचं कोणालाच सांगितलं नव्हतं.

कोणालाच.

दुपारी बिस्किटवर चढलो तेव्हा किनान कठड्याशी उभे होते. हातात काळ्या पिसांचा तुरा. "बघत होतो, शोभेल का," म्हणाले.

मी मनाशी ठरवलं. या वेळी जागा द्यायची नाही. या वेळी उडी आली तर तयार बसायचं. आणि जिंकायचं.

पाचवा ओलांडला. पुन्हा आम्ही एकटेच पुढे.

नारिंगी पट्टा लांबून दिसत होता...

टापा आल्या.

"आतून येतोय, भावा... जागा दे."

मी कठडा सोडला नाही. दात आवळले. "आज नाही, टेडी," म्हणालो.

तीन... दोन... एक...

काय उडी होती ती! बिस्किट पट्ट्यावरून अशी गेली की मला धक्कासुद्धा बसला नाही. मी घट्ट बसून होतो. ती उतरली. मी तिच्यावरच!

पण माझ्या शेजारी...

शेजारून झेप घेतल्याचा आवाज आला होता. टापा सुटल्याचा. मी स्पष्ट ऐकला.

उतरल्याचा आवाज आला नाही.

मी वाट बघितली. एक पाऊल. दोन पावलं. चार.

नाहीच आला.

जॉकीने मागे वळून बघू नये. पहिल्या दिवशी शिकवतात. मी वळलो.

मागे रिकामं गवत होतं.

पुढे बघितलं, तोवर बिस्किट सहाव्या अडथळ्याला बाजूने वळसा घालून निघून गेली होती. वरून नाही, बाजूने. चार हजार माणसांसमोर. ती पहिली आली. तीस लांबींनी. आणि बाद झाली.

पंचांनी बोलावलं. तिघे साहेब टेबलामागे.

"क्रेहन, मागे का बघितलंस?"

"कोणी पडलं का ते बघत होतो, साहेब."

"पण तुझ्याजवळ कोणी नव्हतंच!"

"हो साहेब. तेच म्हणतोय मी."

दहा दिवस रेसमधे बसायला बंदी.

त्याच संध्याकाळी किनान बिस्किटला घेऊन गेले. गाडीत चढताना तिने माझी टोपी दातात धरली आणि सोडेना. टोपी तिच्यासोबतच गेली.

खरं सांगतो, ती शिकली. मे महिन्यात एका अंत्ययात्रेत दिसली. पिसं लावलेली. मान खाली. एकेक पाऊल टाकत. मला बघून फुरफुरली, पण पाऊल चुकवलं नाही. मी भिंतीआड जाऊन नाक पुसलं.

नोव्हेंबरात पॅकी गेला. झोपेतच. त्याने लिहून ठेवलं होतं: पुरण्याआधी कोर्सवरून एक फेरी मारा. एवढंच.

किनान माझ्याकडे आले. "मोकळं गवत बघून ती उधळायला नको. तुझं ऐकते ती. लगाम धरून चालशील का?"

"पाचव्यानंतर मी तिला बाहेरून नेईन," मी म्हणालो.

"बाहेर चिखल आहे. चाकं रुततील. कठड्याला धरून न्यायचं," किनान म्हणाले.

दुपारचे सव्वादोन. बारीक पाऊस. पुढे मी आणि बिस्किट. वर किनान. मागे काचेच्या बग्गीत पॅकी. त्यामागे छत्री धरून फादर, मग नूला, मग सगळं गाव. अडथळ्यांना आम्ही बाजूने वळसा घालत होतो. बिस्किट कोकरासारखी चालत होती.

पाचवा गेला.

नारिंगी रंग केव्हाच धुऊन गेला होता. आता रंगवणार कोण? पुढे नुसतं गवत.

तिथे टापा आल्या...

"ऐकलंत?" मी किनानना विचारलं.

"काय?"

"आतून येतोय, भावा... जागा दे."

या वेळी मी जागा दिली. शपथेवर सांगतो. बिस्किटला दोन हात बाहेर घेतलं, डावं चाक चिखलात गेलं तरी घेतलं.

तिचे कान ताठ झाले.

"क्रेहन," वरून किनान म्हणाले, "ही जोरात का चाललीय?"

तीन...

लगाम माझ्या हातातून सुटला.

दोन...

बिस्किट पलीकडे नीट उतरली. बग्गीची पुढची दोन चाकंही उतरली. किनान उतरले ते कठड्याच्या पलीकडे. बग्गीचं मागचं दार उघडलं आणि पॅकीची शवपेटी बाहेर आली. फुटली नाही. जिथे फळी असायची, तिथे गवतावर फळीसारखी आडवी पडली.